भाराखाली मधूनच दम सोडणारे डिझेल इंजिन

धानाची मळणी आटोपून माल गिरणीकडे जाऊ लागला, की भंडारा जिल्ह्यात ट्रक व ट्रॅक्टर यांना उसंत नसते. याच दिवसांत एक तक्रार वारंवार कानी येते. इंजिन सहज सुरू होते, रिकामे असता उत्तम चालते. परंतु भार पडला की मधूनच त्याची शक्ती जाते व काही वेळाने आपोआप परत येते. नेहमीचा दोष शोधणे सोपे. येणारा-जाणारा दोष मात्र मिस्त्रीच्या दारात गाडी उभी राहताच लपून बसतो. मग अंदाजाने एकेक भाग बदलला जातो आणि हंगामाची मिळकत दुरुस्तीत खर्ची पडते.

कारधा येथील एका शेतकऱ्याच्या जुन्या ट्रकचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. त्याच्या साध्या इंजिनावर मागाहून टर्बो बसविण्यात आला होता आणि इंधन पंपाचा स्क्रू फिरवून डिझेलचा पुरवठाही वाढविला होता. धानाची पोती भरून तुमसरकडे निघाले, की वैनगंगेच्या पुलाकडे चढताना ट्रक मंदावे. दहा मिनिटे बाजूस उभा केला की पूर्ववत चाले. प्रथम नॉझल तपासले, नंतर पंप उतरविला, शेवटी टर्बो बदलला. दोष जेथल्या तेथे राहिला.

वस्तुतः अशा वेळी पाना हाती घेण्यापूर्वी धुराकडे पाहावे. एक किलो डिझेल पूर्ण जळण्यास सुमारे १४.५ किलो, म्हणजे जवळजवळ १२,००० लिटर हवा लागते. बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारे चक्र हीच हवा दाबून इंजिनात अधिक भरते. यालाच टर्बो म्हणतात. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. हवा कमी पडली आणि डिझेल तेवढेच राहिले, तर ते अर्धवट जळून काळा धूर निघतो. उलट डिझेलच कमी पोहोचले, तर शक्ती जाते, पण धूर काळा होत नाही. तेव्हा शक्ती जाते त्याच क्षणी धूर कसा आहे, हे मागे बसलेल्या माणसाने पाहून सांगितले, तर अर्धे निदान तेथेच होते.

त्याहीपूर्वी एक गोष्ट पाहून घ्यावी. इंजिनाचा वेग वाढतो पण गाडी पुढे ओढत नाही, असे होत असल्यास क्लच घसरतो आहे. गाडी थांबविल्यावर एखादे चाक इतरांपेक्षा फार तापलेले आढळल्यास त्याचा ब्रेक धरून राहतो. या दोहोंत इंजिनाचा काहीही अपराध नसतो.

काळा धूर निघत असल्यास हवेचा मार्ग तपासावा. मळणीच्या दिवसांत धानाचा भुसा व धूळ यांनी एअर क्लीनर लवकर भरतो. क्लीनर स्वच्छ असूनही दोष राहिल्यास तेथून टर्बोकडे जाणारा रबरी नळ हाताने दाबून पाहावा. जुना नळ तापल्यावर मऊ होतो आणि हवेच्या ओढीने आत चिकटतो. थंड झाला की पुन्हा फुगतो. म्हणूनच उभ्या गाडीत हा दोष दिसत नाही. टर्बोपासून इंजिनाकडे जाणाऱ्या नळाची क्लिप ढिली असली किंवा नळास चीर असली, तर भाराखाली फुसफुस ऐकू येते व त्या जागी तेलकट काळपटपणा दिसतो.

काळा धूर नसल्यास इंधनाच्या मार्गाकडे वळावे. टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र बुजले असेल, तर डिझेल कमी होईल तसतशी टाकीत पोकळी निर्माण होते. शक्ती जाताच झाकण उघडल्यावर हवा आत शिरल्याचा आवाज येतो व गाडी सुधारते. फिल्टरखालील पाणी सोडून पाहावे. पावसाळ्यात साठविलेल्या पिंपांतील डिझेलमध्ये पाणी साचते, आणि पाणी व डिझेल यांच्या सांध्यावर जंतूंचा बुळबुळीत थर वाढून फिल्टर चोंदतो. काही पंपांना इंजिनाच्या हवानळीतून एक बारीक नळी जोडलेली असते. टर्बोचा दाब वाढला की तिच्यामुळे डिझेल वाढते. ती फुटल्यास टर्बो उत्तम असूनही गाडी ओढत नाही व धूरही निघत नाही. ही गोष्ट अनुभवी मिस्त्रीच्याही ध्यानातून सुटते.

कारधा येथील ट्रकास काळा धूर नव्हता. बांधावर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरची परीक्षा करतात त्याप्रमाणे येथेही स्वच्छ डिझेलचा वेगळा डबा घट्ट बांधून त्यातून इंजिनास पुरवठा केला. पंपाकडून परत येणारी नळीही त्याच डब्यात सोडली. भरलेला ट्रक तीच चढण विनातक्रार चढून गेला. म्हणजे दोष टाकी व डबा जोडलेल्या जागेच्या मध्ये होता. टाकी उतरविली तेव्हा तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीचा तळहाताएवढा तुकडा मिळाला. भार वाढून ओढ वाढली की तो शोषनळीच्या तोंडास चिकटे. इंजिन थांबले की गळून पडे. पंपाचा स्क्रू फिरविल्यापासून डिझेलची ओढ मूळच्यापेक्षा अधिक झाली होती, त्यामुळे हा दोष पूर्वीच्या मानाने लवकर उघडकीस आला, इतकेच. टाकी धुऊन तोंडास जाळी बसविल्यावर ट्रक सुरळीत चालू लागला. टर्बोचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

अशा फेरफाराबद्दलही सांगणे प्राप्त आहे. शक्ती कमी वाटते म्हणून पंपाचा स्क्रू आणखी फिरविला, तर हवेच्या मानाने डिझेल अधिक होऊन धुराची उष्णता वाढते व पिस्टन वितळण्यापर्यंत पाळी येते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये वाहनाच्या मूळ रचनेत परवानगीवाचून फेरफार करण्यास मनाईही आहे.

वरील डब्याची परीक्षा केवळ जुन्या, साध्या पंपाच्या इंजिनांसाठी आहे. नव्या इंजिनांत नॉझलकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १,००० किलोहून अधिक असू शकतो. त्याची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. तेथे कोणताही सांधा सैल करू नये. अशा गाडीत दिवा लागून शक्ती कमी झाल्यास यंत्रानेच स्वतःच्या रक्षणासाठी ती आवरलेली असते. दोषाचा सांकेतिक क्रमांक वाचणारे उपकरण ज्याच्याकडे आहे, अशाच कारखान्यात गाडी न्यावी, आणि तेथेही धुराचा रंग, भार, चढण व टाकीतील डिझेलची पातळी लिहून नेलेला कागद मिस्त्रीच्या हाती द्यावा.