पऱ्हाट्यांवरचं भरीत

जळगावकराला पुण्या-मुंबईच्या हॉटेलात ‘बैंगन भरता’ वाढला, तर तो मुकाट्याने खातो आणि घरी आल्यावर बोलतो. त्याच्या भरतात टोमॅटो नसतो, गरम मसाला नसतो, हळदही नसते. रंगाने ते फिकट हिरवट. हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, कोथिंबीर, शेंगदाणे, हौस असेल तर सुक्या खोबऱ्याचे काप, आणि तेल जरा सढळ. एवढ्याशा सामानावर अख्ख्या जिल्ह्याचं नाव कसं झालं, हे स्वयंपाकघरात शोधून कळत नाही. त्यासाठी शेताच्या बांधावर जावं लागतं.

आधी वांगं. महाराष्ट्रात वांग्यांची कमी नाही. कृष्णाकाठची वांगी भरल्या भाजीसाठी घ्यावीत, मसाला पोटात धरून ती अख्खी राहतात. भरताचं वांगं मात्र अंगाने दांडगं असतं. फिकट हिरवा रंग, त्यावर पांढरट रेघा, साल पातळ आणि आत गरच गर. बिया कमी, ही त्याची खरी किंमत. वांगं जून झालं की बिया टणक होतात, कडसरपणा येतो आणि मग कितीही लसूण घाला, तो झाकत नाही. म्हणून बाजारात जाणती माणसं दोन सारख्या आकाराची वांगी दोन हातांत धरून बघतात आणि हलकं लागेल ते घेतात. जड वांग्यात बिया भरलेल्या असण्याची शक्यता जास्त.

यावल तालुक्यातलं बामणोद आणि जळगावला खेटून असलेलं, बहिणाबाई चौधरींचं माहेर आसोदा, ही या वांग्यांची नावाजलेली गावं. हंगाम थंडीचा. चातुर्मासात वांगं न खाणारी घरं अजून आहेत. मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबापुढे भरीत-रोडग्याचा नैवेद्य ठेवला, की त्यांच्याकडे वांगं परत सुरू होतं. श्रद्धा बाजूला ठेवली तरी हिशेब चोख आहे, कारण भरताचं वांगं खऱ्या अर्थाने रंगात येतं ते याच दिवसांत.

पण नुसतं वांगं जळगावहून आणलं म्हणून भरीत जमत नाही. उरलेलं अर्धं काम जाळाचं. खानदेश हा कपाशीचा मुलूख. कापूस वेचून झाला की शेतात पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, उरतात आणि तूर निघाली की तुराट्या. हे सरपण फुकटचं, आणि भरताला ते निखाऱ्यापेक्षा सरस ठरतं. निखाऱ्यावर वांगं संथपणे शिजतं, आतलं पाणी सुटत राहतं आणि साल गराला चिकटून बसते. पऱ्हाटीचा जाळ एकदम भडकतो आणि लवकर ओसरतो. त्या झपाट्यात साल बाहेरून करपते, आत कोंडलेल्या वाफेवर गर शिजतो, आणि धूर त्यात मुरतो तो वेगळाच.

शेतातल्या भरीत पार्टीत हे नीट बघायला मिळतं. वांग्यांना आधी टोचे मारतात. नाहीतर वाफेने वांगं फुटतं. टोचताना कीड असेल तर तीही उघडी पडते. पऱ्हाट्यांच्या ढिगावर वांगी रचून जाळ लावला, की लांब काठीने ती उलटीपालटी करायला एक अनुभवी माणूस लागतो आणि त्याला सल्ले द्यायला दहा. देठापाशी दाबल्यावर वांगं बोटभर आत गेलं, की झालं. मग देठ हातात धरून गरम असतानाच साल ओढायची. इथे काही जण वांगं नळाखाली धरतात. त्यांना कोणी तरी आवरायला हवं, कारण सालीबरोबर सगळा धूरही वाहून जातो.

सोललेली वांगी बडगीत, म्हणजे लाकडाच्या खोलगट भांड्यात, मुसळीने ठेचतात. मिक्सरचं इथे काम नाही. त्याच्या पात्यांनी बिया चिरडतात आणि गराची चिकट लापशी होते. ठेचलेल्या भरतात तंतू टिकून राहतात, आणि मिरची-लसणाचं वाटण त्यांना धरून बसतं. पात, कोथिंबीर आणि कच्चं तेल घालून तसंच खाल्लं तर ते कच्चं भरीत. तेलात शेंगदाणे परतून त्यावर ओतलं तर फोडणीचं. यात सरस कोणतं, यावर घराघरांत तट आहेत. माझं मत कच्च्याच्या बाजूने, कारण फोडणी धुराला मागे ढकलते. सोबत कळण्याची भाकरी किंवा पुरी. कळणा म्हणजे ज्वारीत सालासकट उडीद घालून दळलेलं पीठ. उडदाच्या चिकटपणाने पीठ बांधून येतं आणि भाकरीला खमंगपणा चढतो.

जळगावच्या भरताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. हे संरक्षण वांग्याच्या नावाला आहे, भरताला नाही. दुसरीकडचं वांगं ‘जळगावचं’ म्हणून विकायला त्याने आडकाठी येते. जळगावचं वांगं गॅसवर भाजायला मात्र येत नाही. अशा स्थानिक जातींची चर्चा त्याआधीही झाली होती, बीटी वांग्याच्या वादात. शेंडा आणि फळ पोखरणारी अळी हा वांग्याचा जुना वैरी. तिच्यावर उपाय म्हणून आलेल्या त्या वाणाला केंद्र सरकारने फेब्रुवारी 2010 मध्ये स्थगिती दिली. देशातल्या वांग्याच्या वाणांची विविधता जपण्याचा मुद्दा तेव्हा मांडला गेला होता.

पऱ्हाट्यांवर मात्र वेगळीच पाळी आली आहे. बांधावर रचलेल्या पऱ्हाट्यांत गुलाबी बोंडअळी मुक्काम ठोकते आणि पुढच्या हंगामात कपाशीवर येते. त्यामुळे त्या साठवून ठेवू नका, उपटून यंत्राने बारीक करून जमिनीत मिसळा, असं कृषी विभाग सांगतो. सल्ला रास्त आहे. तेवढ्यापुरतं पाहिलं तर भरीत पार्टीत पऱ्हाट्या जाळणारी मंडळीही बोंडअळीचा थोडाफार बंदोबस्तच करत असतात! पण यंत्र फिरलेल्या शिवारात हिवाळ्यात सरपण शोधावं लागेल, हेही खरं.

जळगावात हिवाळ्यात भरीत किलोवर विकत मिळतं. शहरात घरी करायचं, तर गॅसची आच मोठी ठेवा. मंद आचेवर वांगं भाजलं जात नाही, उकडतं. एका वेळी एकच वांगं जाळीवर ठेवा, साल सगळीकडून काळी होईपर्यंत फिरवा, आणि झाकून ठेवू नका, पाणी सुटतं. कळण्याचं पीठ नसेल तर ज्वारीची भाकरी चालेल. पोळी नको, भरताच्या तेलाने ती लगेच लिबलिबीत होते.