मोटर जळली, असं म्हणण्याआधी

बंद पडलेल्या खेळण्यातल्या इलेक्ट्रिक आगगाडीबद्दल बहुतेक वेळा एकच निकाल लागतो: मोटर जळली. इंजिन रुळावर ठेवलं, कंट्रोलरचं बटण फिरवलं, काहीच हललं नाही, की नव्या मोटरची शोधाशोध सुरू. माझं म्हणणं असं, की या निकालासाठी लागणारा पुरावा अर्ध्या तासात गोळा होतो, आणि तो गोळा केला तर मोटर निर्दोष सुटण्याचीच शक्यता जास्त असते. हे पडताळून बघायला ट्रायँग कंपनीच्या ‘एक्स ०४’ मोटरसारखं उदाहरण नाही. इंग्लंडमध्ये मार्गेटला १९५०च्या दशकाच्या अखेरीस ती बनू लागली, सत्तरच्या दशकातही बनत राहिली आणि १६.५ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर धावणाऱ्या कितीतरी इंजिनांच्या पोटात बसली. तिचं सगळं अंग उघडं असतं. एक लोहचुंबक, त्याच्या ध्रुवांमध्ये फिरणारं तीन दातांचं आर्मेचर, आर्मेचरच्या दांड्यावर तांब्याच्या तीन पट्ट्यांचा कम्युटेटर, आणि त्याला दोन बाजूंनी टेकलेले दोन कार्बन. एवढं कमी सामान असलेल्या यंत्रात बिघाड कुठे आहे हे अंदाजाने ठरवण्याची गरजच पडू नये.

खरा साक्षीदार आहे करंट. इंजिनाला १२ व्होल्टपर्यंतचा डीसी पुरवठा द्यायचा आणि मधल्या वाटेवर मीटर अँपिअरला लावायचा. काटा जागचा हलला नाही, तर सर्किट कुठेतरी तुटलेलं आहे: रुळावरची काजळी, चाकांच्या कडांना बसलेला काळा थर, सुटलेली वायर, झिजून कम्युटेटरपर्यंत न पोहोचणारा कार्बन. यातलं एकही कारण वाइंडिंगपर्यंत जात नाही. पुरवठ्याच्या दोन वायरी थेट मोटरच्या टोकांना टेकवल्या आणि ती फिरली, तर दोष रूळ आणि मोटर यांच्या दरम्यान आहे हे तिथेच सिद्ध होतं. उलट करंट भरपूर आणि हालचाल शून्य, असं असेल तर दोनच शक्यता उरतात: काहीतरी अडकलंय, किंवा काहीतरी शॉर्ट झालंय. हा फरकही हाताने करता येतो. मोटर चासीवरून सुटी करायची. सुटी झाल्यावर ती भरभर फिरली आणि करंट पाव-अर्ध्या अँपिअरवर उतरला, की दोष गिअरमध्ये. चाकं बोटाने ढकलून मात्र ही परीक्षा करू नये. मोटरच्या दांड्यावरचा मळसूत्री वर्म गिअरला फिरवतो, गिअर वर्मला फिरवू शकत नाही, त्यामुळे जोर केला तर दात तुटतात. अडकण्याची कारणंही फार साधी निघतात. गालिच्यावर चालवलेल्या गाडीच्या आसाला केस आणि लोकरीचे धागे गुंडाळलेले असतात, नाहीतर वर्षानुवर्षं पडून राहिलेलं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं असतं.

शॉर्टचं पारडं जड वाटलं, तरी आर्मेचरवर संशय घेण्याआधी दोन जागा बघायच्या. या मोटरमध्ये दोन्ही कार्बन एकाच तारेच्या स्प्रिंगने दाबलेले असतात. चिमट्यासारख्या या स्प्रिंगच्या एका पायावर बारीक इन्सुलेशनची नळी चढवलेली असते. कधीतरी कुणी साफसफाई करताना ती हरवते, नाहीतर स्प्रिंग उलटी बसवली जाते. मग वीज आर्मेचरमध्ये जाण्याऐवजी स्प्रिंगमधूनच एका कार्बनवरून दुसऱ्यावर जाते. मिलिमीटर-दोन मिलिमीटर जाडीची ती नळी, आणि तिच्यापायी चांगल्या मोटरी मोडीत निघतात याची मला मनापासून हळहळ वाटते. दुसरी जागा म्हणजे रेडिओ-टीव्हीला खरखर लागू नये म्हणून बऱ्याच इंजिनांत बसवलेला छोटा कपॅसिटर. तो आतून शॉर्ट झाला की कंट्रोलर ट्रिप होतो आणि दोष मात्र मोटरवर येतो. त्याचा एक पाय सोडवला की दूध का दूध, पानी का पानी.

आता कम्युटेटरकडे यावं, कारण बहुसंख्य कुरकुरत्या मोटरींचा आजार इथेच असतो. तांब्याच्या पट्ट्यांमध्ये तीन बारीक फटी असतात. कार्बन झिजून त्याची भुकटी तेलात मिसळते आणि या फटींत काळ्या लुकणासारखी बसते. कार्बनची भुकटी वीजवाहक, त्यामुळे वेगळ्या राहायला हव्यात त्या पट्ट्या एकमेकींना जोडल्या जातात: मोटर तापते, ठिणग्या टाकते, ताकद हरवते. लाकडी टूथपिकचं टोक तिरकं कापून एकेक फट कोरायची, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापडाने तांबं लख्ख होईपर्यंत पुसायचं. पॉलिश पेपर शक्यतो नको, त्याचे ओरखडे पुढे कार्बन खातात. भुकटीचं लुकण तेलातूनच बनतं, म्हणूनच ‘दोन थेंब तेल टाका, चालेल’ हा सल्ला मला घातक वाटतो. तेलाने चालते हे खरं, कारण दांडा ज्यांत फिरतो ते कोरडे बुश मोकळे होतात. पण सढळ हाताने सोडलेलं तेल दांड्यावरून कम्युटेटरवर पोहोचतं आणि पुढच्या बिघाडाची सोय करून ठेवतं. सुईच्या टोकावर मावेल तेवढं तेल बुशला पुरतं.

नवी मोटर सहज मिळत असताना एवढा खटाटोप कशाला, असं कुणी म्हणेल. आक्षेप वरवर बिनतोड आहे, पण त्यात एक गृहीत लपलंय: जुनी ज्या कारणाने बसली ते कारण तिच्याबरोबर बाहेर जातं. तसं होत नाही. फिरतं आर्मेचर स्वतः जनित्रासारखं वागून येणाऱ्या विजेला विरोध करतं, आणि या विरोधामुळेच करंट आटोक्यात राहतो. समजा, वाइंडिंगचा रोध ८ ओहम आहे. घट्ट गिअरने मोटर जाम केली की विरोध संपतो आणि १२ व्होल्टला दीड अँपिअर वाहू लागतो. म्हणजे १८ वॉट, छोट्या सोल्डरिंग आयर्नएवढी उष्णता, अंगठ्याएवढ्या मोटरमध्ये. त्या गिअरवर बसवलेली नवी मोटरही त्याच वाटेने जाईल. डबाबंद मोटरींच्या बाबतीत मात्र मी हट्ट धरणार नाही. त्या उघडण्यासाठी बनवलेल्याच नसतात, कार्बन संपले की बदलाव्यात. पण गिअर, चाकं, वायरिंग यांची तपासणी तिथेही आधीच व्हायला हवी. चुंबक कमजोर झाल्याचं दुखणं जाम गिअरपेक्षाही फसवं आहे. अशी मोटर हवेत धरली तर नेहमीपेक्षा जोरात फिरते, करंट जास्त खाते, आणि डबे जोडले की मान टाकते. तिचा वेग बघून तिला धडधाकट ठरवणारे फसतात. जुन्या मिश्रधातूच्या चुंबकांमधून आर्मेचर उगाच बाहेर काढू नये ते यासाठीच, मधलं लोखंड गेलं की चुंबकाचा जोर उतरतो.

एवढं सगळं करूनही मोटर एका ठरावीक जागी अडत असेल आणि बोटाने टिचकी दिल्यावरच सुटत असेल, तर आर्मेचरवर आरोप ठेवायला हरकत नाही. तेव्हाही मीटर लावूनच. कार्बन बाजूला करून कम्युटेटरच्या पट्ट्यांच्या तिन्ही जोड्यांमधला रोध मोजायचा. तीन गुंडाळ्या त्रिकोणात जोडलेल्या असल्याने निरोगी आर्मेचरमध्ये तिन्ही आकडे सारखे येतात. गुंडाळी १२ ओहमची असेल तर प्रत्येक जोडीला ८. एक गुंडाळी तुटली की आकडे २४, १२, १२ असे होतात, आणि २४ जिथे दिसतात त्या दोन पट्ट्यांमधली गुंडाळी तुटलेली. एखादा आकडा बाकीच्यांपेक्षा बराच कमी आला तर आतले वेढे एकमेकांना चिकटलेत, तिथे रिवाइंडिंगला पर्याय नाही. तुटलेल्या गुंडाळीची तार मात्र आधी भिंगाखाली धरावी. तार तुटते ती बरेचदा वेढ्यांच्या पोटात नाही, तर जिथे तिचं टोक कम्युटेटरच्या कानाला डाग दिलेलं असतं तिथे. एक वेढा मागे सोडवायचा, पात्याने एनॅमल खरवडायचं, टोक पुन्हा डागायचं आणि त्याच तीन जोड्या परत मोजायच्या.