मीठ कमी केले, पण मोजले का?

“डॉक्टर, महिनाभर मीठ सोडले, तरी रक्तदाब तसाच!” मार्गासनीच्या दवाखान्यात हे वारंवार ऐकतो. विचारपूस केली की लोणचे-पापड चालूच असल्याचे कळते. मिठाचा परिणाम पाहायचा, तर प्रयोग नीट आखावा लागतो.

चीनमधील अशाच एका प्रयोगाचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. ६०० गावांपैकी निम्म्यांत नेहमीचे मीठ, निम्म्यांत एक चतुर्थांश पोटॅशियम क्लोराइड मिसळलेले. निवड दैवावर सोडलेली. माणसांऐवजी गावे का वाटली? भाजी सर्वांची एकाच पातेल्यात शिजते. सासऱ्यांचे मीठ वेगळे कसे राखणार? सुमारे पाच वर्षांत नव्या मिठाच्या गावांत पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी आढळला.

आपण घरी एवढे करावे: महिन्याचे मीठ तोलून एका बरणीत भरावे. चौघांसाठी ६०० ग्रॅम ही कमाल मर्यादा, लोणचे-पापडातले धरून. आधी आठवडाभर आणि महिन्यानंतर पुन्हा आठवडाभर, ठरल्या वेळी, पाच मिनिटे शांत बसून रक्तदाब मोजावा व वहीत लिहावा. गोळ्या मात्र बदलू नयेत. नाहीतर फरक कशाने पडला, हे आपल्याला कळणार नाही आणि मलाही नाही. मूत्रपिंडाचा विकार असल्यास पोटॅशियमचे मीठ विचारल्याविना आणू नये.