संगणक मधेच बंद पडतो तेव्हा



आजचा विषय ऐकून काहीजणी म्हणतील, "आमच्या घरात कुठं आलाय संगणक?" घरात नसेल, पण तुमच्या ग्रामसंघाच्या नाहीतर प्रभागसंघाच्या कार्यालयात तो आहेच. तुमच्या गटाचा कर्ज प्रस्ताव, सदस्यांच्या याद्या, पापड-मसाल्याच्या ऑर्डरची बिलं, सगळं त्यातूनच बाहेर येतं. तो मधेच बंद पडला तर अडतं कुणाचं? मजुरी पाडून सहीला आलेल्या बाईचं. म्हणून हा विषय तुमचाही आहे.

मागच्या वर्षी आमच्या कार्यालयात काय झालं, ते आधी सांगतो. मार्चअखेरची घाई होती. गटांचे कर्ज प्रस्ताव बँकेत द्यायचे होते, आणि नेमका तेव्हाच संगणक मधेच बंद पडायला लागला. आवाज नाही, सूचना नाही, एकदम स्क्रीन काळी. सेव्ह न केलेलं काम गेलं. पुन्हा सुरू करावा, तर कधी तासभर चाले, कधी दहा मिनिटांत परत बंद. एका गटाच्या अध्यक्षा आणि सचिव एका प्रस्तावासाठी तीन वेळा आल्या. तिसऱ्या वेळी त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या बाकावर बसून राहिल्या. ते आम्हाला जास्त लागलं.

मग जो तो कारण सांगायला लागला. कुणी म्हणालं व्हायरस आला. कुणी म्हणालं शेजारच्या पिठाच्या गिरणीमुळं वीज ओढली जाते. आणि दोघी-तिघी हळूच म्हणाल्या, "ती पोरगी त्याला मोबाईल लावते, तिनंच बिघडवला असणार." ती म्हणजे आमची लिपिका. वय बावीस, पहिलीच नोकरी. ती काही बोलली नाही. खरं सांगायचं तर आमच्याही मनात तसंच येऊन गेलं होतं.

संगणक तालुक्याला नेला. तिथं तो फॉरमॅट करून दिला, म्हणजे आतलं सगळं पुसून नव्यानं भरून दिलं. प्रशिक्षणाचे फोटो आणि दोन महिन्यांच्या बैठकांचे अहवाल त्यात गेले, कारण आधी प्रत काढून ठेवायचं कुणाला सुचलंच नाही. आणि चौथ्या दिवशी संगणक परत बंद.

त्या आठवड्याच्या बैठकीत आमच्या कोषाध्यक्ष काकू बोलल्या. त्यांनी आयुष्यात कधी माऊस हातात धरलेला नाही. त्या म्हणाल्या, "गटाच्या हिशेबात पन्नास रुपये जुळत नाहीत तेव्हा आपण काय करतो? कुणाकडं बोट दाखवतो का? रोजकीर्द काढतो आणि ओळ न् ओळ बघतो. याची रोजकीर्द कुठंय?"

आम्ही त्याच दिवशी शंभर पानी वही घेतली आणि रकाने आखले. तारीख आणि वेळ. संगणक सुरू करून किती वेळ झाला होता. त्या क्षणी काय काम चाललं होतं. कसा बंद पडला, एकदम काळा की निळी स्क्रीन येऊन. वीज होती का, गिरणी चालू होती का. परत कधी सुरू झाला. आणि शेवटचा रकाना, कामाला कोण बसलं होतं.

दोन आठवड्यांत अकरा नोंदी झाल्या. बैठकीत वही मोठ्यानं वाचली, तेव्हा जे वाटत होतं ते बदललं. गिरणी सकाळी आणि संध्याकाळी चालते, बंद पडण्याच्या बहुतेक वेळा दुपारच्या. म्हणजे गिरणी सुटली. अकरांपैकी चार वेळा लिपिका रजेवर होती आणि खुर्चीत आम्ही स्वतः होतो. म्हणजे तीही सुटली.

मग राहिलं काय? सात नोंदी दुपारी एक ते चारमधल्या, संगणक तासाभरापेक्षा जास्त चालल्यावरच्या. लगेच सुरू केला की पुन्हा बंद, अर्धा तास थांबलं की नीट चाले. तीन नोंदी वेगळ्याच, अगदी सकाळी साडेदहालासुद्धा, पण तिन्ही वेळा कुणीतरी नुकतंच प्रिंटचं बटण दाबलं होतं. आणि एक नोंद निळ्या स्क्रीनची. आम्ही "कधीही बंद पडतो" म्हणत होतो, कारण दोन-तीन दुखणी एकाच नावाखाली घालत होतो. वेगळी केल्यावर प्रत्येकाला आपापली वेळ होती.

आता ही दुखणी एकेक करून समजून घेऊ.

पहिलं दुखणं उष्णतेचं. संगणकाच्या पेटीत प्रोसेसर नावाची चिप असते, सगळी आकडेमोड तीच करते. काम करताना ती तापते. तिच्यावर धातूच्या पातळ पात्यांचा ठोकळा आणि त्यावर पंखा बसवलेला असतो, तो उष्णता बाहेर टाकतो. पात्यांत धूळ भरली की वारा आत जात नाही. मग चिप तापत जाते आणि बहुतेक प्रोसेसरमध्ये १०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेली की जळू नये म्हणून संगणक स्वतःच बंद होतो. कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह जे काम करतो, तेच हे. गार झाला की परत चालतो.

आमची खोली पत्र्याची, शेजारी पिठाची गिरणी, आणि पेटी टेबलाखाली भिंतीला चिकटून. वर एका ताईनं हौसेनं विणून दिलेलं क्रोशाचं झाकण, पाठीमागच्या जाळीवरून खाली लोंबणारं. आम्ही ते धूळ बसू नये म्हणून घातलं होतं, आणि संगणक चालू असतानाही काढत नव्हतो. फॉरमॅट करून काही उपयोग का झाला नाही, तेही इथं कळतं. फॉरमॅटनं आतले प्रोग्राम नवे होतात, पात्यांतली धूळ तशीच राहते.

साफसफाई कशी केली, ते ऐका. संगणक बंद केला, वायर भिंतीतून काढली, मग पेटीचं बटण एकदा दाबून दहा मिनिटं थांबलो. पेटी ओट्यावर आणली, नाकाला ओढणी बांधली, बाजूचे स्क्रू काढले. आत हात घालण्याआधी पेटीच्या उघड्या धातूला हात लावला, कारण आपल्या अंगावरची स्थिर वीज आतल्या भागांना मारक असते. रंगकामाचा नवा, कोरडा, मऊ ब्रश घेतला. पंखा एका बोटानं धरून ठेवला, म्हणजे तो गरगर फिरत नाही. पात्यांतून धुळीचा थर असा निघाला, जशी जुन्या गोधडीतली कापसाची गादीच. ओला फडका अजिबात नको. ठोकळाही आम्ही काढला नाही. तो काढला तर त्याच्या आणि चिपच्या मधली थर्मल पेस्ट नवी लावावी लागते, ते काम कारागिराचं.

मग पेटी भिंतीपासून वीतभर पुढं ओढली आणि टेबलावर ठेवली. क्रोशाचं झाकण आता फक्त रात्री, संगणक बंद करून गार झाल्यावर. झाकण विणणाऱ्या ताईंना हे सांगताना जरा अवघड वाटत होतं, पण त्याच हसून म्हणाल्या, "मग त्याला उन्हाळ्यात कशाला स्वेटर घातला?"

इथं एक नियम पाळला. एका वेळी एकच बदल. धूळ काढल्यावर आठवडाभर दुसरं काहीच केलं नाही, फक्त वही भरली. दुपारचं बंद पडणं थांबलं. प्रिंटच्या वेळचं मात्र तसंच राहिलं. चार गोष्टी एकदम बदलल्या असत्या, तर गुण कशानं आला ते कधीच कळलं नसतं.

दुसरं दुखणं यूपीएसचं. आमचा यूपीएस ६०० व्हीएचा. तेवढ्यात एक संगणक आणि मॉनिटर बसतो. पण त्याच यूपीएसवर आम्ही लेझर प्रिंटरही लावला होता. लेझर प्रिंटर छापण्याआधी आतला रूळ तापवतो आणि त्या क्षणी एकदम खूप वीज ओढतो. एका माणसाच्या पाटीत दोघांचं ओझं टाकल्यासारखं. यूपीएस टीं करून ओरडतो आणि सगळंच बंद. उपाय साधा होता. प्रिंटरची वायर यूपीएसमधून काढली आणि भिंतीतल्या वेगळ्या प्लगमध्ये लावली. नंतर प्रिंटमुळं एकदाही बंद पडला नाही.

तुमचा यूपीएसही एकदा तपासा. सगळं काम सेव्ह करा, फायली बंद करा आणि यूपीएसची भिंतीतली वायर काढा. संगणक डोळ्याचं पातं लवायच्या आत बंद झाला, तर यूपीएसची बॅटरी संपली आहे. ती साधारण तीनेक वर्षांत बदलावी लागते.

तिसरं दुखणं निळ्या स्क्रीनचं. हिला घाबरू नका. काळी स्क्रीन गप्प असते, निळी काहीतरी सांगते. तिच्यावर इंग्रजी अक्षरांत एक खूण लिहिलेली असते, तिचा मोबाईलवर फोटो काढा. हे दुखणं पुष्कळदा रॅमचं, एखाद्या ड्रायव्हर प्रोग्रामचं नाहीतर हार्ड डिस्कचं असतं. रॅम म्हणजे आतली लांब हिरवी पट्टी. तिची सोनेरी टोकं मळली की संपर्क नीट राहत नाही. साफसफाईच्या वेळी आम्ही ती काढून टोकांवर स्वच्छ खोडरबर हलकेच फिरवला, भुगा झटकला आणि दोन्ही बाजूंच्या कड्या टक् वाजेपर्यंत परत बसवली. निळी स्क्रीन तेव्हापासून आली नाही. फोटो मात्र वहीत चिकटवून ठेवला आहे.

संगणक स्वतःही एक रजिस्टर ठेवतो, हे आम्हाला नंतर कळलं. विंडोजमध्ये स्टार्टवर जाऊन इंग्रजीत 'रिलायबिलिटी' असं टाइप केलं की तारखांचा तक्ता उघडतो, आणि बिघडलेल्या दिवशी लाल फुली दिसते. पण एकदम वीज तुटून बंद पडला असेल, तर तो इतकंच लिहितो की विंडोज नीट बंद झालं नव्हतं. का, ते त्यालाही ठाऊक नसतं. तेव्हा आपल्या वहीला पर्याय नाही.

काही गोष्टींना मात्र आपण हात लावायचा नाही. पेटीत जिथं विजेची वायर जाते, तो लोखंडी डबा म्हणजे एसएमपीएस. तो कधीही उघडू नका, वायर काढल्यावरही त्यात धक्का देणारी वीज साठून राहते. जळल्याचा वास आला, किंवा पेटीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर संगणक वापरणं थांबवा आणि वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. हार्ड डिस्कमधून टिक टिक आवाज येत असेल, तर दुरुस्ती नंतर, आधी फायलींची प्रत काढा.

प्रत काढणं हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि आम्ही ते सगळ्यात उशिरा शिकलो. पंचसूत्रीत आपण अद्ययावत लेखे म्हणतो, ते इथंही लागू आहे. आता दर शुक्रवारी लिपिका सगळ्या फायली दोन पेन ड्राइव्हवर उतरवते. एक कार्यालयाच्या कपाटात, दुसरा सचिवताईंच्या घरी कुलपात. गटाची पेटी एकीकडं आणि किल्ली दुसरीकडं ठेवतो, तसंच. त्यात बायांचे आधार क्रमांक आणि बँक खाती असतात, म्हणून पेन ड्राइव्ह पोरांच्या हाती गाणी भरायला द्यायचा नाही. संगणक दुरुस्तीला देतानाही आधी प्रत काढायची, आणि "फॉरमॅट करायचा तर आधी आम्हाला विचारा" असं पावतीवर लिहून घ्यायचं.

पुढच्या महिन्यात आम्ही कारागिराला कार्यालयातच बोलावलं आणि त्याच्यापुढं वही ठेवली. त्यानं ती वाचली, प्रोसेसरचा पंखा बघितला, थर्मल पेस्ट बदलली आणि साडेतीनशे रुपये घेतले. फॉरमॅटचं नावही काढलं नाही.

त्या गटाचा प्रस्ताव मार्चमध्ये गेला नाही, एप्रिलमध्ये गेला. एका महिन्याचा उशीर झाला, आणि तो आमच्यामुळं झाला. बैठकीत आम्ही ते कबूल केलं, आणि लिपिकेचीही सगळ्यांसमोर माफी मागितली. ती म्हणाली, "ताई, वहीत शेवटचा रकाना तुम्ही घातलात, तेव्हा मला वाटलं माझं नाव लिहायलाच घातलाय." खरं तर तो थोडा त्यासाठीच होता. पण त्याच रकान्यानं ती सुटली.

तर मैत्रिणींनो, तुमच्या कार्यालयातला संगणक बंद पडत असेल, तर आज दोन कामं करा. फायलींची प्रत काढा आणि एक वही आखा. वही भरायला संगणक यावा लागत नाही, घड्याळ बघता आलं की पुरे. नोंदी झाल्या की बैठकीत मोठ्यानं वाचा. कुणाला काय दिसेल सांगता येत नाही. आमच्याकडं वाट दाखवली ती कोषाध्यक्ष काकूंनी.