पंखांवरच्या शिरा आणि दगडातली कुळे: जाळीपंखी कीटकांच्या जीवाश्मांची ओळख

महाराष्ट्रातील कापूस उत्पादक शेतकऱ्याला ‘क्रायसोपा’ हे नाव परके नाही, कारण मावा आणि तुडतुडे यांच्यावर तुटून पडणाऱ्या त्याच्या अळ्या मित्रकीटक म्हणून शेतात सोडण्याची शिफारस कृषी विद्यापीठे दीर्घकाळ करत आली आहेत. या अळीचा प्रौढ कीटक फिकट हिरवा आणि नाजूक असून त्याच्या पारदर्शक पंखांवर शिरांची दाट जाळी असते. तो ज्या न्यूरॉप्टेरा गणात मोडतो, त्या जाळीपंखी कीटकांच्या गणात आज सुमारे 6,000 जाती आहेत. वाळूत शंकूसारखा खड्डा करून मुंग्या पकडणाऱ्या अळीचा प्रौढही, म्हणजे मुंगीसिंहही, याच गणातला. गणाचा इतिहास पर्मियन कालखंडापर्यंत, 25 कोटी वर्षांहूनही मागे जातो आणि मध्यजीव महाकल्पात त्यात अशी अनेक कुळे होती की ज्यांचा आज एकही वंशज उरलेला नाही. त्या नाहीशा झालेल्या कुळांविषयी जे काही ठाऊक आहे, त्याचा फार मोठा भाग केवळ पंखांवरून समजलेला आहे.

याचे कारण जीवाश्म बनण्याच्या प्रक्रियेत आहे. कीटकाचे मऊ शरीर कुजते किंवा भक्षक ते खातात. कायटिनयुक्त, कोरडा आणि पचण्यासारखे फारसे काही नसलेला पंख मात्र टाकून दिला जातो, वाऱ्यापाण्याबरोबर तळ्यात पोहोचतो आणि बारीक गाळाच्या थरांत दाबला जातो. त्यामुळे डोके, पाय आणि जननेंद्रिये, म्हणजे आजच्या कीटकांच्या वर्गीकरणात ज्यांना निर्णायक मानतात ते अवयव, जीवाश्मतज्ज्ञाला बहुधा मिळतच नाहीत. त्याच्या हाती येतो तो एखादा सुटा पंख, आणि तोही पुष्कळदा बुडाशी तुटलेला.

पंखावरील शिरांच्या मांडणीला शिराविन्यास म्हणतात. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील जॉन हेन्री कॉमस्टॉक आणि जेम्स जॉर्ज नीडहॅम यांनी 1898-99 मध्ये या शिरांची जी नावे रूढ केली, ती किरकोळ फेरफारांसह आजही वापरात आहेत. पंखाच्या पुढच्या कडेची कोस्टा, तिच्या मागची सबकोस्टा, मग रेडियस आणि तिच्यापासून फुटणारा रेडियल सेक्टर, त्यानंतर मीडिया, क्युबिटस आणि सर्वांत मागे ॲनल शिरा असा हा क्रम आहे. कोषातील वाढत्या पंखात ज्या श्वासनलिका शिरतात, त्यांच्या वाटेनेच पुढे शिरा घडतात, म्हणून श्वासनलिकांचा माग काढला की निरनिराळ्या गणांतील समान शिरा ओळखता येतील, अशी त्यांची भूमिका होती. दगडात श्वासनलिका सहसा दिसत नाहीत. तेथे दुसरी खूण उपयोगी पडते. पंख सपाट नसून त्याला पन्हळी पत्र्यासारख्या उंचसखल घड्या असतात आणि प्रत्येक मुख्य शिरा एकतर कण्यावर किंवा घळीत असते. वरून पाहता सबकोस्टा नेहमी घळीत आणि रेडियस कण्यावर असते. खडक फुटून त्याचे दोन भाग झाले, की एकावर पंखाचा ठसा आणि दुसऱ्यावर त्याचा प्रतिठसा उमटतो व उंचसखलपणा उलटा होतो. म्हणून दगडावर सबकोस्टा उंचावलेली दिसली, तर आपण पंखाची खालची बाजू किंवा वरच्या बाजूचा साचा पाहत आहोत, हे अभ्यासकाला चटकन समजते. तिरपा प्रकाश टाकून आणि दगड अल्कोहोलने ओला करून या घड्या व शिरांचा रंग अधिक स्पष्ट केला जातो.

पंख जाळीपंखी कीटकाचा आहे हे ठरवणे त्या मानाने सोपे. कोस्टा आणि सबकोस्टा यांमधील पट्टीत आडव्या शिरांची लांब रांग असते, आणि लांब शिरा पंखाच्या कडेजवळ पोहोचताना बहुधा पुन्हापुन्हा दुभंगतात. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्समधल्या बेलमाँट येथील पर्मियन खडकातून रॉबर्ट जॉन टिलयार्ड यांनी 1922 मध्ये ‘पर्मिथोन बेलमाँटेन्सिस’ ही जाती वर्णिली, ती अशाच पंखांच्या खुणांवरून. कूळ ठरवताना नजर अधिक बारीक करावी लागते. तपकिरी जाळीपंख्यांच्या हेमेरोबिडी कुळात पुढच्या पंखातील रेडियस शिरेपासून एकाऐवजी दोन किंवा अधिक फांद्या स्वतंत्रपणे निघतात. सायकोप्सिडी कुळात सबकोस्टा, रेडियस आणि रेडियल सेक्टर या तिन्ही शिरा जवळजवळ समांतर धावतात व पंखाच्या टोकाकडे एकत्र येतात. मुंगीसिंहात सबकोस्टा आणि रेडियस जिथे जुळतात, त्याच्या लगेच खाली एक लांबट कप्पा असतो, तर त्याच्या जवळच्या नातलग असलेल्या घुबडमाश्यांत तोच कप्पा आखूड असतो. कोनिओप्टेरिजिडी कुळातील जेमतेम काही मिलिमीटर लांबीच्या कीटकांत उलट सगळी जाळी विरळ होऊन मोजक्याच शिरा उरतात, आणि अशा पंखाचे मूळ गण ओळखणे हीच कसोटी ठरते.

या खुणा चित्राशी चित्र जुळवण्याइतक्या सरळ असत्या, तर हे शास्त्र कधीच संपले असते. खरा प्रश्न दिसणारी शिरा मुळात कोणती आहे, हा आहे. दोन शिरा काही अंतर एकमेकींत मिसळून धावल्या आणि पुन्हा वेगळ्या झाल्या, तर पुढे निघणारी फांदी रेडियसची मानायची की मीडियाची, याचे उत्तर पंखाच्या बुडाशी दडलेले असते आणि जीवाश्मात तोच भाग सर्वांत आधी नष्ट होतो. मीडियाची पुढची शाखा रेडियसच्या शाखेत मिसळलेली आहे का, या मुद्द्यावर विसाव्या शतकात अनेक मते मांडली गेली. ब्रेटक्रॉइत्झ, विंटरटन आणि एंगेल यांनी 2017 मध्ये आजच्या जाळीपंख्यांतील श्वासनलिकांचा माग काढून या गोंधळाची उकल केली. कॉमस्टॉक आणि नीडहॅम यांची मूळ कल्पना सुमारे एकशे वीस वर्षांनी पुन्हा कामास आली, ही गोष्ट या क्षेत्रात विशेष महत्त्वाची मानली पाहिजे.

शिरांचे वाचन अचूक असले म्हणजे काय साधते, हे कॅलिग्रॅमॅटिडी या लुप्त कुळावरून सर्वांत चांगले दिसते. जर्मनीतील झोल्नहोफेन येथील जुरासिक चुनखडीतून योहानेस वाल्थर यांनी 1904 मध्ये ‘कॅलिग्रामा हेकेली’ या मोठ्या पंखांच्या कीटकाचे वर्णन केले. पुढे चीनमधील अंतर्गत मंगोलियातील दाओहुगोऊ आणि लिआओनिंगमधील यिशियान येथील खडकांतून त्याचे अनेक भाईबंद मिळाले. त्यांच्या पंखांवर डोळ्यांसारखे ठिपके होते, पंखांवर खवले होते आणि काहींना मधरस शोषण्यासारखी लांब सोंड होती. फुलपाखरांची अनेक लक्षणे त्यांच्या ठायी एकवटलेली असली, तरी त्यांची आडव्या शिरांनी भरलेली दाट जाळी फुलपाखरांच्या मोजक्या शिरांच्या पंखांशी मुळीच जुळत नाही; ती सायकोप्सिडी कुळाच्या जवळ जाते. फुलांचा बहर सुरू होण्याआधी वेगळ्या वंशात फुलपाखरासारखा जीव घडला, या निष्कर्षातील ‘वेगळा वंश’ हा भाग मुख्यतः शिरांच्या पायावर उभा आहे. दाओहुगोऊच्याच सुमारे 16.5 कोटी वर्षांपूर्वीच्या थरांत ‘बेलिनिम्फा’ या प्रजातीचे कीटक आढळले. त्यांच्या पंखांचा एकूण आराखडा पिसासारख्या विभागलेल्या पानासारखा होता, आणि 2010 मध्ये त्यांचे वर्णन झाले तेव्हा वनस्पतींच्या आड लपण्याची ही युक्ती किती प्राचीन आहे ते लक्षात आले.

हिरव्या जाळीपंख्यांचे, म्हणजे क्रायसोपिडी कुळाचे, उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. या कुळात रेडियल सेक्टरच्या फांद्या आणि आडव्या शिरा एकमेकींस जुळून ‘छद्ममीडिया’ नावाची एक नागमोडी शिरा घडते. तिचा मार्ग आणि तिच्या जवळचा मीडियाचा लहान कप्पा यांवरून उपकुळे ओळखली जातात. आजच्या जवळजवळ सर्व हिरव्या जाळीपंख्यांच्या पुढच्या पंखात रेडियसच्या बुडाशी फुगीर श्रवणेंद्रिय असते व त्याने वटवाघळांचे श्राव्यातीत ध्वनी त्यांना ऐकू येतात. नॉथोक्रायसिनी या उपकुळात मात्र हे इंद्रिय नाही आणि आज त्याच्या थोड्याच जाती जगात विखुरलेल्या आहेत. उत्तर अमेरिकेतील ओकानागन डोंगराळ प्रदेशाच्या इओसीन खडकांत मात्र हेच उपकुळ प्रबळ आढळते. त्याच सुमारास, सुमारे 5.2 कोटी वर्षांपूर्वी, वटवाघळांचे पूर्ण सांगाडे खडकांत दिसू लागतात. श्रवणेंद्रियामुळेच पुढे ते असलेल्या हिरव्या जाळीपंख्यांची सरशी झाली, असे अनुमान यातून मांडले गेले आहे. ते आकर्षक आहे, परंतु केवळ पंखांच्या संख्येवरून ते सिद्ध झाले असे म्हणणे घाईचे ठरेल.

शिरांना मर्यादाही आहेतच. एकाच कीटकाच्या डाव्या आणि उजव्या पंखांत आडव्या शिरांची संख्या नेहमी सारखी नसते. एखादी शिरा दुभंगते, एखादी गळते. भारतातील शेतांतला क्रायसोपा अनेक वर्षे ‘क्रायसोपर्ला कार्निया’ मानला जात होता; तो ‘क्रायसोपर्ला झास्ट्रोवी सिलेमी’ आहे हे त्याच्या वेगळ्या ‘गीता’वरून, म्हणजे पोट हलवून पानावर उमटवलेल्या कंपनांच्या नमुन्यावरून स्पष्ट झाले. शिरांनी या सख्ख्या जाती वेगळ्या करता येत नाहीत. मग एका सुट्या पंखावर नवी जाती उभी करताना किती सावध राहावे, हा प्रश्न टाळता येत नाही. आर्चिबाल्ड आणि मकार्किन यांनी 2006 मध्ये ज्या राक्षसी जाळीपंख्यांची प्रजाती निश्चित करता येत नाही त्यांच्यासाठी ‘पॉलिस्टोइकोटाइट्स’ हे संग्राहक नाव वापरले. या कीटकांच्या पॉलिस्टोइकोटिडी कुळालाच पुढे 2010 मध्ये इथोनिडी कुळात सामावून घेण्यात आले.