भाड्यानें देण्यासाठीं घर घेण्यापूर्वीं

रस्ते, धरणें व कारखाने यांसाठीं जमीन संपादन झाली म्हणजे शेतकऱ्याच्या हातीं एकदम मोठी रक्कम येते. नागपूर-मुंबई या 701 किलोमीटरांच्या समृद्धि महामार्गाच्या कामीं अनेक गांवीं असें झालें. अशा वेळीं पुष्कळांचा विचार होतो कीं, तालुक्याच्या गांवीं एखादें घर घेऊन तें भाड्यानें द्यावें, म्हणजे पाऊस पडो वा न पडो, दरमहा कांहीं रक्कम घरीं येत राहील. विचार वाईट नाहीं. परंतु गेलेली जमीन पुन्हा येत नाहीं, म्हणून तिच्या मोबदल्याचा हिशेब आधीं कागदावर मांडणें अवश्य आहे.

प्रथम उत्पन्न पाहूं. समजा, सर्व खर्चासह घर 20 लाखांस पडलें व भाडें दरमहा 7,000 रुपये ठरलें. वर्षाचे 84,000 होतात खरे; पण भाडेकरू बदलतांना एक महिना घर रिकामें राहील असें धरून चालावें. राहिले 77,000. त्यांतून घरपट्टी 5,000, डागडुजी व रंग यांचे 10,000 आणि विमा, दस्त वगैरे किरकोळ 2,000 वजा जातां 60,000 उरतात, म्हणजे शेंकडा 3. आतां यांपैकीं 10 लाख शेंकडा 9 व्याजानें कर्ज काढून घातले, तर पहिल्या वर्षाचें व्याजच सुमारें 90,000 होतें. तीस हजारांची तूट शेतीच्या उत्पन्नांतून भरावी लागते, मुद्दल निराळेंच. घराची किंमत पुढें वाढेल ही आशा आहे, उत्पन्न नव्हे. तेव्हां उरलेली जमीन गहाण टाकून भाड्याचें घर घेऊं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

भाड्याचा आंकडा विकणाऱ्याच्या तोंडून घेऊं नये. त्याच आळींतील चार भाडेकरूंस विचारावें. कॉलेज, दवाखाना, मोंढा अथवा एसटी स्थानक जवळ असेल तेथें घर रिकामें पडण्याचें भय कमी.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. महसूल खात्यांत दप्तर हाताळतांना आम्हांस दिसून आलें कीं, सातबाऱ्यावर विकणाऱ्याचें नांव पाहिलें म्हणजे लोक निश्चिंत होतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966, कलम 157 प्रमाणें अशी नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते, इतकेंच. म्हणून ज्या फेरफारानें नोंद झाली तो फेरफार व मूळ दस्त पाहावा. ‘इतर हक्क’ या सदरांत बँकेचा बोजा वा दुसऱ्या कोणाचें नांव आहे काय, आणि भोगवटादार वर्ग 2 असल्यास विक्रीस परवानगी आहे काय, हें तपासावें. नगर भूमापन झालेल्या गांवीं मिळकत पत्रिका घ्यावी. दुय्यम निबंधकाच्या कचेरींत मागील 30 वर्षांचा शोध वकिलाकडून करवावा. बांधकामाचा मंजूर नकाशा मागावा. नवीन इमारतींतील सदनिका असल्यास महारेराची नोंदणी व भोगवटा प्रमाणपत्रही पाहावें.

तिसरी गोष्ट कराराची. ओळखीच्या मनुष्यास तोंडी बोलीवर घर देण्याची चाल खेड्यांत फार. ती शहरांत अंगाशीं येते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999, हा 31 मार्च 2000 पासून अमलांत आला. त्याच्या कलम 55 प्रमाणें करार लेखी व नोंदलेला असलाच पाहिजे, व नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. ती न पाळल्यास अटींविषयीं भाडेकरूचें म्हणणें विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरें मानतात. शिवाय मालकास 3 महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊं शकतात. नव्या मालकानें राहण्याचें घर मुदतीच्या लीव्ह अँड लायसन्स करारानें देणें सोयीचें. मुदत संपल्यावर जागा न सोडल्यास कलम 24 प्रमाणें सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करतां येतो, आणि ठरलेल्या रकमेच्या दुप्पट भरपाई मिळण्याची तरतूद आहे.

शेवटीं कर. शेतीचें उत्पन्न प्राप्तिकरांतून मुक्त आहे, घरभाडें तसें नाहीं. मात्र भाड्यांतून भरलेली घरपट्टी वजा जातां उरलेल्या रकमेच्या शेंकडा 30 इतकी सूट मिळते.

सारांश, प्रथम विहीर, जुनें देणें व मुलांचें शिक्षण यांची तरतूद करावी. त्यानंतर पैसा शिल्लक राहिल्यास एकच लहान घर, कर्जाविना, कागद पारखून घ्यावें. दोन वर्षें त्याचा जमाखर्च ठेवून मगच दुसऱ्याचा विचार करावा.