मोटारीची आवृत्ती आणि मूळ पाठाशी निष्ठा

१

जालना येथील पदव्युत्तर वर्गात अनुवादातील मूलनिष्ठेविषयी विवेचन चालू असता एका विद्यार्थ्याने एक अनपेक्षित शंका उपस्थित केली. पुण्याजवळ चाकण येथे तयार होणाऱ्या महिंद्रा कंपनीच्या 'बीई ६' या विजेवर चालणाऱ्या मोटारीची 'बॅटमॅन आवृत्ती' ऑगस्ट २०२५ मध्ये बाजारात आली होती. तिची जाहिरात पुढे करून त्याने विचारले, की ही मोटार चित्रपटातील मोटारीचा अनुवाद मानावयाची, की केवळ तिचा नामोल्लेख? जाहिरातीची भाषा आणि वाङ्मयीन अनुवाद यांची गल्लत करू नये, असे सांगून मी त्या वेळी विषय संपविला. पुढे विचार करता हे उत्तर अपुरे होते, असे माझ्या ध्यानी आले.

आपल्याकडील पुष्कळ प्रबंधिकांत मूळ कृती आणि रूपांतर यांतील साम्यस्थळांची यादी करावयाची, ती मोजावयाची आणि त्या संख्येवरून निष्ठेचा निर्णय द्यावयाचा, अशी पद्धत रूढ झालेली दिसते. या पद्धतीतील दोष कादंबरीच्या बाबतीत सहसा लपून राहतो. मोटारीला तीच पद्धत लावून पाहिली, की तो डोळ्यांपुढे येतो. प्रस्तुत लेखात चित्रपटांतील काही प्रसिद्ध मोटारी आणि त्यांच्या गौरवार्थ काढलेल्या विशेष आवृत्त्या यांची तुलना करून तो दोष दाखविण्याचा विचार आहे.

प्रथम 'आवृत्ती' हा शब्दच पाहावा. मोटारीच्या व्यवहारात तो छापखान्यातून आला आहे. ग्रंथाची नवी आवृत्ती म्हणजे त्याच ग्रंथाचे, फार तर सुधारलेले, पुनर्मुद्रण होय. ग्रंथाच्या आवृत्तीला मूळ एकच असते. येथे मात्र मूळ दोन असतात. जिच्यावर रंग चढविला ती विक्रीतील मोटार हे एक, आणि जिची आठवण करून द्यावयाची ती पडद्यावरील मोटार हे दुसरे. देह एकीचा आणि संदर्भ दुसरीचा, अशी ही द्विमूल रचना आहे. निष्ठेचा प्रश्न या दोहोंपैकी दुसऱ्या मूळाविषयी विचारावयाचा असतो.

२

परंतु पडद्यावरील ते मूळ तरी एकसंध असते काय? 'बुलिट' या १९६८ च्या चित्रपटात स्टीव्ह मॅक्क्वीनने चालविलेली हिरवी फोर्ड मस्टँग सर्वश्रुत आहे. प्रेक्षकाला ती एक मोटार वाटते. चित्रीकरणासाठी वस्तुतः दोन मोटारी वापरल्या गेल्या होत्या. त्या प्रसिद्ध पाठलागात मस्टँगच्या पुढे पळणाऱ्या डॉज चार्जर मोटारीच्या चाकांवरील टोपणे चारांहून अधिक वेळा निखळून पडताना दिसतात, ही गोष्ट रसिकांनी फार पूर्वीच हेरली आहे. म्हणजे जी मोटार आपण 'मूळ' म्हणून स्मरणात ठेवतो, ती अनेक यंत्रे, अनेक चित्रणे आणि संकलकाची कात्री यांतून सिद्ध झालेली असते.

पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला यात नवल वाटणार नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेऊन १९६६ मध्ये पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती ज्यांनी चाळली असेल, त्यांना ठाऊक आहे की संशोधित पाठ जसाच्या तसा कोणत्याही एका हस्तलिखितात आढळत नाही; तो अनेक प्रतींच्या तुलनेतून निश्चित करावा लागतो. चित्रपटातील मोटारही अशीच संशोधित प्रत होय. फरक एवढाच, की तेथे संपादनाचे काम विद्वानांचे मंडळ करीत नाही; प्रेक्षकांची स्मृती ते करते. तेव्हा विशेष आवृत्तीने ज्या मूळाशी निष्ठा राखावयाची, ते मूळ गॅरेजमधील यंत्र नसून लोकस्मृतीतील पाठ आहे, हे आरंभीच मान्य केले पाहिजे.

३

आता निष्ठा मोजावयाची कशी? येथे स्वनविचारातील एक साधे तत्त्व उपयोगी पडते. मराठीत 'वेळ' आणि 'वेल' हे दोन शब्द केवळ ळ आणि ल यांच्या भेदामुळे वेगळे ठरतात. परप्रांतीय वक्त्याने 'वेळ' शब्दातील स्वर किंचित अधिक लांबविला, तरी अर्थाला बाध येत नाही. त्याने ळकाराच्या जागी लकार उच्चारला, की काळाची वनस्पती होते. पहिला फेर अव्यवच्छेदक, दुसरा व्यवच्छेदक. उच्चारातील दहा गोष्टी जुळल्या आणि व्यवच्छेदक अशी एकच चुकली, तर दहांची बेरीज कामास येत नाही.

मोटारीलाही हे तत्त्व लागू आहे. चित्रपटातील एखादी मोटार तिच्या वर्गातील इतर हजारो मोटारींहून ज्या गुणांमुळे ओळखू येते, ते तिचे व्यवच्छेदक गुण. हे गुण तीन पातळ्यांवर शोधावे लागतात : रूप, कार्य आणि कथेतील प्रसंग. या तिन्ही पातळ्यांवर व्यवच्छेदक गुण राखले गेले किंवा नाही, एवढेच पाहावयाचे; अन्य साम्यांची गणना करण्याचे कारण नाही.

४

'बुलिट'च्या गौरवार्थ फोर्ड कंपनीने मस्टँगच्या विशेष आवृत्त्या तीन वेळा काढल्या; त्यांपैकी पहिली २००१ ची, दुसरी २००८ ची, आणि तिसरी जानेवारी २०१८ मध्ये डेट्रॉइटच्या प्रदर्शनात प्रथम दाखविलेली. तिसऱ्या वेळी चित्रपटातील मुख्य मोटारही अनेक वर्षांच्या अज्ञातवासातून बाहेर येऊन नव्या मोटारीशेजारी उभी राहिली. ताडून पाहण्याची अशी संधी क्वचितच मिळते. हीच जुनी मोटार पुढे १० जानेवारी २०२० रोजी फ्लोरिडातील लिलावात ३४ लाख डॉलरच्या बोलीला गेली.

मूळ मस्टँगचे व्यवच्छेदक गुण कोणते? गडद हिरवा रंग हा एक. दुसरा गुण अभावात्मक आहे : मोटारीच्या पुढील जाळीवरील घोड्याचे बोधचिन्ह काढून टाकलेले होते. चिन्हाचा अभाव हेच येथे चिन्ह झाले आहे. व्याकरणात शून्य प्रत्यय जसा अर्थवाहक असतो, तसाच हा प्रकार. तिसरा गुण कार्याच्या पातळीवरील आहे. चालक हाताने गिअर बदलतो आणि इंजिनाचा सूर त्याबरोबर चढतो-उतरतो. पाठलागाची सारी लय त्यावर अवलंबून आहे. २०१८ च्या आवृत्तीने पुढील जाळी बोधचिन्हाविना ठेवली आणि केवळ हाताने बदलावयाचा गिअर दिला. ही निष्ठा वरवरची नव्हे. ज्या काळात स्वयंचलित गिअर अधिक खपतो, त्या काळात तो नाकारणे म्हणजे मूळ पाठासाठी काही ग्राहक गमावण्याची तयारी ठेवणे होय.

तथापि, हीच आवृत्ती काळ्या रंगातही विकली गेली. काळा रंग मूळात आहे, पण कोणाच्या अंगावर? पाठलागातील मारेकऱ्यांच्या डॉज चार्जरच्या! नायकाच्या गौरवार्थ काढलेल्या मोटारीने खलपुरुषांच्या मोटारीचा रंग धारण करावा, हा ळकाराच्या जागी लकार आल्याचा उत्तम नमुना आहे. अन्य सर्व तपशील तंतोतंत तेच, आणि तरीही काळी 'बुलिट' ही निष्ठेच्या दृष्टीने अपपाठच ठरते.

दुसऱ्या टोकाचे उदाहरण ॲस्टन मार्टिनचे आहे. 'गोल्डफिंगर' या १९६४ च्या चित्रपटातील जेम्स बाँडच्या डीबी५ मोटारीच्या पंचवीस नव्या प्रती या कंपनीने ग्राहकांसाठी तयार केल्या. त्यांतील पहिली २०२० मध्ये पूर्ण झाली. फिरणाऱ्या नंबरपाट्या, धुराचा पडदा, मागील काचेआड उभी राहणारी ढाल आणि लटक्या बंदुका, हे सर्व त्यांत आहे. ही यंत्रणा सिद्ध करण्यात बाँडपटांतील विशेष करामती रचणाऱ्या ख्रिस कॉरबोल्ड यांचा हात होता. रूप आणि कार्य या दोन्ही पातळ्यांवर यापेक्षा अधिक निष्ठा संभवत नाही. परंतु या मोटारी सार्वजनिक रस्त्यावर चालविण्यास पात्र नाहीत. बाँडची मोटार सामान्य रहदारीत सामान्य मोटारीसारखी वावरते, म्हणूनच तिच्या करामतीला अर्थ येतो. कथेतील हा प्रसंगगुण नव्या प्रतीत नाहीसा झाला. शब्दशः अनुवाद कधी कधी अवाच्य होतो, तसेच हे.

५

आता महिंद्राच्या बॅटमॅन आवृत्तीकडे वळू. क्रिस्टोफर नोलन यांच्या २००५, २००८ आणि २०१२ या वर्षांच्या तीन चित्रपटांचा संदर्भ घेऊन ती काढण्यात आली. आरंभी तीनशे मोटारी जाहीर झाल्या होत्या, पुढे ती संख्या ९९९ करण्यात आली. आणि कंपनीच्या निवेदनानुसार या सर्वांची नोंदणी १३५ सेकंदांत पूर्ण झाली. जाहीर करतेवेळी तिची एक्स-शोरूम किंमत २७.७९ लक्ष रुपये होती. ज्या प्रकारावर ती आधारलेली आहे त्याची २६.९० लक्ष. म्हणजे चित्रपटाच्या संदर्भाचे मूल्य ८९,००० रुपये ठरले. चिन्हाचे मूल्य इतक्या स्वच्छ आकड्यात हाती लागणे चिन्हविचाराच्या अभ्यासकाला दुर्मिळ आहे.

या मोटारीचा नामेतिहासही बोधप्रद आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये ती 'बीई ६ई' या नावाने जाहीर झाली होती. '६ई' हे चिन्ह आपले असल्याचा दावा इंडिगो विमानसेवा चालविणाऱ्या कंपनीने न्यायालयात केला, आणि महिंद्राने शेवटचे अक्षर गाळले. एका अक्षरावरून तंटा झालेल्या मोटारीला पुढे एका संपूर्ण पुराणपुरुषाचे नाव परवान्याने मिळाले.

तिच्या मूळाचे, म्हणजे 'टम्बलर' या वाहनाचे, व्यवच्छेदक गुण असे : रणगाड्यासारखे तुटक पत्र्यांचे अंग, मागील चार भव्य टायर, पुढील दोन चाकांना जोडणाऱ्या आसाचा अभाव, आणि अंगावर वटवाघळाचे चिन्ह नसणे. शेवटचा गुण विशेष लक्षात घ्यावा. पूर्वीच्या कित्येक बॅटमॅन-मोटारींवर चिन्हे आणि पंख होते. नोलन यांच्या चित्रपटांतील वाहन मात्र सैन्यासाठी बनविलेले म्हणून दाखविले असल्याने त्यावर चिन्ह असण्याचे कारण नव्हते. महिंद्राच्या आवृत्तीत ते चिन्ह चाकांच्या मध्यभागी, मागील बंपरवर, छताच्या काचेवर, आसनांवर, इतकेच नव्हे तर दार उघडताच जमिनीवर पडणाऱ्या प्रकाशातही आहे. जेथे मूळ मौन आहे, तेथे अनुवाद सर्वाधिक बोलतो. साम्यस्थळे मोजणारा अभ्यासक या प्रत्येक चिन्हाला एक गुण देईल. आमच्या मोजपट्टीने तो प्रत्येक वेळी वजा करावा लागेल. ब्रेक आणि स्प्रिंगांवरील सोनेरी रंगाचीही तीच गत. तो टम्बलरवर नाही. फार तर नायकाच्या कंबरपट्ट्याची आठवण देतो.

ध्वनीची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. विजेच्या मोटारीला इंजिनाचा आवाज नसतो. म्हणून चित्रपटातील वाहनाच्या धर्तीवर रचलेला आवाज बाहेर ऐकविण्याची सोय तीत केली आहे. टम्बलरमध्ये खरोखरच पेट्रोलवर चालणारे आठ सिलिंडरांचे इंजिन होते. पण पडद्यावर ऐकू येणारा इंजिनाचा आवाजदेखील बहुधा ध्वनिमुद्रणशाळेत रचलेला असतो. तेव्हा येथे अनुकरणाचे अनुकरण आहे. कोंबड्याच्या एकाच आरवण्याला मराठीत 'कुकूचकू' आणि फ्रेंचमध्ये 'कोकोरिको' म्हणतात. ध्वन्यनुकारी शब्द हा नेहमी त्या त्या भाषेच्या व्यवस्थेतूनच घडतो. विजेच्या मोटारीने केलेला हा उच्चार त्याच न्यायाने क्षम्य मानावा.

येथवरचे विवेचन वाचून या आवृत्तीच्या पदरी केवळ दोषच आहेत, असा ग्रह होईल. तो खरा नव्हे. २००५ च्या चित्रपटात हे वाहन नायकाला प्रथम दाखविले जाते, तेव्हा ते वाळवंटी लष्करी रंगात असते. तो केवळ काळ्या रंगाची चौकशी करतो. म्हणजे कथेतील मूळ मोटारदेखील एका कंपनीने अन्य कारणासाठी बनविलेले आणि नंतर काळे रंगविलेले वाहनच आहे. तयार मोटार घेऊन तिला काळा रंग देणे, ही महिंद्राने केलेली कृती रूपाच्या पातळीवर दुबळी असली, तरी प्रसंगाच्या पातळीवर मूळाशी आश्चर्यकारक रीतीने जुळते. मी वर्गात दिलेल्या उत्तरात नेमकी हीच बाजू सुटली होती.

६

शेवटी एका देशी उदाहरणाचा निर्देश करतो. 'बॉबी' या १९७३ च्या चित्रपटात ऋषी कपूर यांनी चालविलेली राजदूत जीटीएस १७५ ही छोटी मोटारसायकल लोकांच्या तोंडी 'बॉबी' याच नावाने रूढ झाली. येथे मूळ आणि विक्रीतील वाहन यांत भेदच नव्हता; वेगळा रंग नाही, पट्टी नाही, अनुक्रमांक नाही. लोकांनी केवळ नाव दिले. गौरवाचा हा प्रकार सर्वांत निष्ठावान आणि सर्वांत स्वस्त म्हटला पाहिजे. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतील भट्ट्यांत रोज कितीतरी जुने लोखंड वितळून त्याच्या सळया होतात. यंत्राचे रूप असे नाहीसे होते; नाव मात्र बोलीत टिकून राहते.

सारांश, निष्ठा ही साम्यांची बेरीज नसून व्यवच्छेदक गुणांची निवड आहे. हिरवी 'बुलिट' थोडे घेते, पण नेमके घेते. डीबी५ची प्रत सर्व घेते आणि रस्ता गमावते. बॅटमॅन आवृत्ती मूळात नसलेले पुष्कळ घालते, तरी एक मर्म जाणता-अजाणता राखते. विद्यार्थ्याच्या प्रश्नाला आता उत्तर देता येईल : ती मोटार अनुवाद नव्हे, पण केवळ नामोल्लेखही नव्हे, तिला टीकायुक्त रूपांतर म्हणावे, आणि तिच्या टीपा मूळ पाठाहून मोठ्या अक्षरांत छापल्या गेल्या आहेत, एवढेच नोंदवावे. प्रबंधिकेसाठी एखादे रूपांतर निवडणाऱ्या विद्यार्थ्याने यादी करण्यापूर्वी मूळातील ळकार कोणता, हे प्रथम स्वतःस विचारावे. आणि ज्यांना क्षेत्रीय अभ्यासाची आवड आहे, त्यांनी अंबड, भोकरदन, परतूर, मंठा आदी तालुक्यांतील ट्रॅक्टर, जीप आणि मोटारसायकलींवर रंगविलेली चित्रपटांची नावे गोळा करावीत. लोकांनी स्वतः काढलेल्या विशेष आवृत्त्यांचा हा संग्रह आपल्या विभागाला निश्चितच उपयोगी पडेल.